डच आकडे: मराठी माणसांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेदरलँड्समध्ये नोकरीला, शिकायला किंवा लेकीकडे-मुलाकडे राहायला आलेली मराठी माणसं डच आकड्यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक जण हे आकडे इंग्रजीच्या आधाराने शिकायला जातात आणि एकवीसपाशीच अडखळतात. माझं ठाम मत आहे की ते मराठीच्या आधाराने शिकावेत. एकवीस-बावीसचा क्रम, अडीच वाजण्याची कल्पना, दोघं-तिघं, दीड, पाऊण तास, अगदी लाखसुद्धा, या सगळ्यात डच भाषा इंग्रजीपेक्षा मराठीच्या जवळ येते.

१. अगदी सुरुवातीपासून सांगा. शून्य ते बारा कसं म्हणायचं?

नुल, एन, त्वे, द्री, व्हीर, व्हेइफ, झेस, झेव्हन, आख्त, नेखन, तीन, एल्फ, त्वाल्फ.

देवनागरीत हे उच्चार बरेच जवळ जातात, तरी काही गोष्टी सांगायला हव्यात. इंग्रजीमुळे जिभेला लागलेली ट-ड ची सवय इथे सोडा. आपले दंत्य त आणि द डच कानाला बरे लागतात. ‘त्वे’मधला व आपलाच. ‘व्ह’ लिहिलंय तिथे दात खालच्या ओठाला टेकवा. पुष्कळ लोक त्याचा जवळजवळ फ करतात, त्यामुळे चारसाठी ‘फीर’ ऐकू आलं तर गोंधळू नका. ‘झ’ म्हणजे ‘माझा’मधला झ. ‘ख’ मात्र आपला महाप्राण ख नव्हे. तो घशात घासून काढायचा, उर्दू बोलणारे ‘ख़बर’ म्हणतात तसा. ब्राबांत आणि लिंबुर्ख या दक्षिणेकडच्या प्रांतांत आणि बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये तो बराच मऊ असतो. ‘नुल’ म्हणताना ओठ उ साठी गोल करा आणि जीभ इ च्या जागी ठेवा. शब्दाच्या शेवटचा ‘न’ बोलताना बऱ्याचदा गळतो, म्हणून सात ‘झेव्हे’ आणि नऊ ‘नेखे’ असे कानावर पडतात.

२. ‘तीन’ म्हणजे दहा? मग माझा रोज घोळ होणारच ना?

सुरुवातीला होतो, आणि तो फक्त आपल्यालाच होतो. डचमधला दहा आपल्या तीनसारखाच ऐकू येतो. दुकानदाराने ‘तीन युरो’ म्हटलं की हात तीन नाण्यांकडे जातो आणि त्याला हवी असते दहाची नोट. आपल्या तीनला डचमध्ये ‘द्री’ म्हणतात. ‘त्रिकोण’मधला त्रि आठवला की तो लगेच बसतो. तसाच ‘त्वे’ला द्वि धरा.

पाठ करताना दहा आणि तीन ही जोडी वेगळी काढून घोका. पैसे आणि वेळ ऐकताना पहिले काही आठवडे समोरच्याला आकडा परत म्हणून दाखवा आणि ‘क्लोप्त दात?’ म्हणजे ‘बरोबर ना?’ असं विचारा. यात कोणाला वावगं वाटत नाही. डच लोक आपापसातही हे सतत करतात.

३. ‘एन’ आणि नुसतं ‘अन’ यात फरक काय?

लिहिताना दोन्हींचं स्पेलिंग एकच. ठसठशीत ‘एन’ म्हटलं तर एक ही संख्या. हलकेच ‘अन’ म्हटलं तर ‘एखादा’ किंवा ‘एक कोणीतरी’. संख्याच म्हणायची आहे हे लिहिताना स्पष्ट करायचं असेल, तर दोन्ही ‘ए’ अक्षरांवर तिरकी रेघ देतात.

४. तेरा ते एकोणीस आणि मग दहाचे टप्पे कसे?

तेरापासून आकड्यामागे ‘तीन’ लागतो: देर्तीन, व्हेरतीन, व्हेइफतीन, झेसतीन, झेव्हनतीन, आख्तीन, नेखनतीन. लक्षात ठेवायचे दोनच. तेराला ‘द्रीतीन’ नाही तर ‘देर्तीन’, आणि चौदाला ‘व्हीरतीन’ नाही तर ‘व्हेरतीन’.

टप्प्यांना ‘तख’ लागतो: त्विंतख (२०), देर्तख (३०), व्हेरतख (४०), व्हेइफतख (५०), सेसतख (६०), सेव्हनतख (७०), ताख्तख (८०), नेखनतख (९०). साठ आणि सत्तर लिहिताना ‘झ’चंच अक्षर असतं, पण म्हणताना बहुतेक जण स्वच्छ ‘स’ म्हणतात. ऐंशीच्या सुरुवातीला जास्तीचा ‘त’ आहे. तो फार जुन्या रूपातून उरलेला आहे आणि तसाच पाठ करायचा.

तेरा-तीस, चौदा-चाळीस या जोड्या ऐकताना शेवटाकडे कान द्या: ‘तीन’ की ‘तख’. जोर दोन्हींत पहिल्याच अक्षरावर असतो, त्यामुळे त्यावरून ओळखायला जाऊ नका.

५. एकवीसपासून सगळं उलटं का होतं?

मराठीतून पाहिलं तर काहीच उलटं नाही. चोवीस म्हणताना आपण आधी चार म्हणतो, मग वीस. डचही तेच म्हणतो: ‘व्हीर-अन्-त्विंतख’, चार अन् वीस. मधला ‘अन्’ अर्थानेही आपला बोलीतला ‘अन्’च. उलटं वाटतं ते इंग्रजी माध्यमात आकडे शिकल्यामुळे.

शिवाय आपल्यापेक्षा हे काम सोपं आहे. मराठीत त्रेचाळीस, त्रेपन्न, त्र्याहत्तर, त्र्याण्णव या प्रत्येकाचं रूप वेगळं पाठ करावं लागतं. डचमध्ये एकदा सूत्र बसलं की नव्याण्णवपर्यंत एकही अपवाद नाही. ४३ म्हणजे ‘द्री-अन्-व्हेरतख’, ९३ म्हणजे ‘द्री-अन्-नेखनतख’. एकोणतीस, एकोणचाळीस हा एक कमी करण्याचा प्रकारही नाही. २९ सरळ ‘नेखन-अन्-त्विंतख’.

या क्रमाचा लहान मुलांना त्रास होतो का, हा वाद दोन्हीकडे ओळखीचा आहे. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा केवढी चर्चा झाली ते आठवत असेल. नॉर्वेने १९५१ मध्ये दशक आधी म्हणण्याची पद्धत अधिकृत केली. डचमध्ये एकक आधी हा क्रम आजही कायम आहे.

६. फोनवर कोणी नंबर सांगितला की मी ३४ च्या जागी ४३ लिहितो. उपाय काय?

इथला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ०६ ने सुरू होतो. पुष्कळ लोक ‘नुल झेस’ म्हणून पुढचे आठ आकडे दोन-दोनच्या जोडीने सांगतात. ‘व्हीर-अन्-देर्तख’ ऐकताना ‘व्हीर’ कानावर पडताच हात ४ लिहून मोकळा होतो, आणि तिथेच चूक होते.

मराठीत कोणी ‘चौतीस’ म्हटलं तर आपण ‘चौ’ ऐकून ४ लिहीत नाही. अख्खा शब्द ऐकतो आणि ३४ उमटतं. इथेही तसंच करा. पेन उचलूनच धरा, ‘तख’ ऐकू आल्यावर टेकवा. मनातल्या मनात इंग्रजीत भाषांतर करू नका, मराठीत करा: ‘व्हीर-अन्-देर्तख’ म्हणजे चौतीस. भाषांतराचा एक टप्पा राहतोच, पण क्रम बदलावा लागत नाही, त्यामुळे वेळ जात नाही. तरीही घाई होत असेल तर ‘सेइफर व्होर सेइफर’ म्हणजे एकेक आकडा सांगा, अशी विनंती करा.

आपण स्वतः नंबर सांगताना मात्र एकेक आकडाच सांगावा. आपत्कालीन ११२ हाही ‘एन-एन-त्वे’ असाच म्हणतात.

७. सात आणि नऊ सारखेच ऐकू येतात. माझाच कान कच्चा आहे का?

नाही. ‘झेव्हन’ आणि ‘नेखन’ यांचं यमक जुळतं आणि वाईट लाइनवर डच लोकही फसतात. म्हणून पुष्कळ जण मुद्दाम सातला ‘झ्योव्हन’ म्हणतात, ओठ गोल करून. हा वेगळा आकडा नाही, सातच आहे. बँकेत किंवा दवाखान्यात फोन करताना तुम्हीही बिनधास्त वापरा.

८. शंभराच्या पुढे?

शंभर ‘होंदर्त’, हजार ‘दाउझंत’. दोन्हींच्या आधी ‘एन’ लावत नाहीत. २५० म्हणजे ‘त्वेहोंदर्त-व्हेइफतख’. १०१ ला ‘होंदर्त-एन’ किंवा ‘होंदर्त-अन्-एन’, दोन्ही चालतं.

दहा लाख म्हणजे ‘मिल्यून’, शंभर कोटी म्हणजे ‘मिल्यार्त’. इथे इंग्रजीवाल्यांची फसगत होते, कारण ‘बिल्यून’ हा त्यांचा बिलियन नव्हे. डचचा बिल्यून म्हणजे एक लाख कोटी, एकावर बारा शून्यं. बातम्यांत अर्थसंकल्पाचे आकडे वाचताना याचं भान ठेवा.

९. लाख आणि कोटीला काही शब्द आहे का?

कोटीला नाही. एक कोटी म्हणजे ‘तीन मिल्यून’, आणि इथे तो तीन दहा आहे हे विसरू नका (प्रश्न २).

लाखाला मात्र आहे, निदान पैशांच्या बाबतीत. एक लाख युरोला ‘तोन’ म्हणतात. घर बघायला गेलात की ‘व्हीर तोन’ ऐकाल, म्हणजे चार लाख. ‘आन्दरहाल्व्हे तोन’ म्हणजे दीड लाख, ‘हाल्व्हे तोन’ म्हणजे पन्नास हजार. घराची किंमत, कर्ज, पगार यांच्या गप्पांत हा शब्द सतत येतो आणि पुस्तकी अभ्यासक्रमात क्वचितच भेटतो, म्हणून इथे आवर्जून सांगतोय. एक हजार किलोच्या टनालाही हाच शब्द आहे. संदर्भावरून कळतं.

१०. बिलावर १.२५० लिहिलं होतं. सव्वा युरो की साडेबाराशे?

साडेबाराशे. डचमध्ये हजार वेगळे करायला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम वापरतात. १.२५०,७५ म्हणजे एक हजार दोनशे पन्नास युरो आणि पंचाहत्तर सेंट. गट नेहमी तीन-तीनचे. आपण १,२५,००० लिहितो ते इथे १२५.००० होतं. दशांश वाचतानाही ‘कोमा’ म्हणतात: ३,५ म्हणजे ‘द्री कोमा व्हेइफ’. नेट बँकिंगमध्ये रक्कम भरताना टिंब की स्वल्पविराम हे पाठवण्याआधी एकदा पाहून घ्या.

११. बाराशे, पंचवीसशे असं म्हणतात का?

म्हणतात, आणि तेच स्वाभाविक आहे. १.२०० ला ‘त्वाल्फहोंदर्त’, २.५०० ला ‘व्हेइफ-अन्-त्विंतख-होंदर्त’. पण पूर्ण हजार असेल तर हजारच. २.००० ला कोणी ‘वीसशे’ म्हणत नाही, ‘त्वेदाउझंत’ म्हणतात.

१२. साल कसं वाचायचं?

शतक आणि वर्ष वेगळं काढून. १९४७ म्हणजे ‘नेखनतीन झेव्हन-अन्-व्हेरतख’, मध्ये ‘होंदर्त’ घातलं तरी चालतं. डच ईस्ट इंडिया कंपनीचं स्थापनावर्ष १६०२ हे ‘झेसतीन-होंदर्त-त्वे’. वेंगुर्ल्याची डच वखार १६३७ ची, म्हणजे ‘झेसतीन झेव्हन-अन्-देर्तख’. २००० नंतरच्या वर्षांना ‘त्वेदाउझंत’ लावून पुढे उरलेला आकडा: २०२४ म्हणजे ‘त्वेदाउझंत व्हीर-अन्-त्विंतख’. ‘त्विंतख व्हीर-अन्-त्विंतख’ही आता बरंच ऐकू येतं.

१३. ‘हाल्फ द्री’ला भेटू असं ठरलं. मी साडेतीनला गेले, समोरची व्यक्ती निघून गेली होती. माझं काय चुकलं?

या पानावर सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हा. ‘हाल्फ द्री’ म्हणजे अडीच. तीनकडे जाताना अर्धं झालं, असा त्याचा हिशोब. इंग्रजीत ‘हाफ’ आणि मग तीन ऐकायची सवय असली की साडेतीन वाटतं आणि बरोबर एक तास उशीर होतो.

आपल्या ‘अडीच’ची घडण नेमकी अशीच आहे. हा शब्द संस्कृतच्या ‘अर्धतृतीय’वरून आला, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे तो. दोन पूर्ण, तिसरा अर्धा. ‘दीड’मध्येही तेच, त्यात दुसरा अर्धा. म्हणजे हाल्फ त्वे दीड वाजता, हाल्फ द्री अडीच वाजता, हे मराठी मनाला परकं वाटायचं कारण नाही. फक्त आपण तीननंतर ‘साडे’वर येतो आणि डच माणूस बारापर्यंत त्याच पद्धतीने चालत राहतो: ‘हाल्फ व्हीर’ साडेतीन, ‘हाल्फ एन’ साडेबारा.

भेट ठरवताना खात्री नसेल तर लिहून मागा. लेखी वेळ चोवीस तासांची असते आणि १४.३० मध्ये गैरसमजाला जागा राहत नाही.

१४. घड्याळातलं बाकीचं?

सव्वादोन ‘क्वार्त ओव्हर त्वे’, पावणेतीन ‘क्वार्त व्होर द्री’. ‘ओव्हर’ म्हणजे होऊन गेलेले, ‘व्होर’ म्हणजे कमी.

अवघड भाग अर्ध्याच्या आसपासचा. २.२० ते २.४० या काळात डच माणूस अर्ध्या तासाच्या खुणेवरून मोजतो. २.२५ म्हणजे ‘व्हेइफ व्होर हाल्फ द्री’, अडीचला पाच कमी. २.३५ म्हणजे ‘व्हेइफ ओव्हर हाल्फ द्री’, अडीच वाजून पाच. २.२० ला बहुतेक जण ‘तीन व्होर हाल्फ द्री’ म्हणतात. यात तीन म्हणजे दहा आणि द्री म्हणजे तीन, म्हणून हे वाक्य मोठ्याने चार-पाच वेळा म्हणून बघाच.

रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेत हे काही नसतं. तिथे सरळ ‘व्हेरतीन यूर झेव्हन-अन्-देर्तख’, म्हणजे १४.३७.

१५. दीड, अडीच, पाऊण तास, सव्वा तास म्हणायचं असेल तर?

दीड ‘आन्दरहाल्फ’. त्यातला ‘आन्दर’ म्हणजे जुन्या अर्थाने दुसरा, म्हणून पुन्हा ‘दुसरा अर्धा’ (प्रश्न १३). कोरोनाच्या काळात ‘आन्दरहाल्व्हे मेतर’, दीड मीटर अंतर, हे शब्द घराघरात पोचले. पुढच्या शब्दाच्या लिंगाप्रमाणे ‘हाल्फ’ किंवा ‘हाल्व्हे’ होतं: ‘आन्दरहाल्फ यूर’, पण ‘आन्दरहाल्व्हे मेतर’.

अडीच ही संख्या असेल तर मात्र ‘त्वे-अन्-हाल्फ’, दोन अन् अर्धा. म्हणजे अडीच वाजता ‘हाल्फ द्री’, अडीच किलो ‘त्वे-अन्-हाल्व्हे किलो’. ही दोन रूपं एकमेकांच्या जागी वापरू नका.

पाव तास ‘क्वार्तीर’, पाऊण तास ‘द्री क्वार्तीर’, सव्वा तास ‘व्हेइफ क्वार्तीर’. इंग्रजीत असे सुटसुटीत शब्द नाहीत, आपल्याकडे आणि डचमध्ये आहेत.

१६. ‘पाच युरो’ला अनेकवचन का लावत नाहीत?

आकड्यानंतर काही मापं एकवचनीच राहतात: युरो, सेंट, वर्ष (‘यार’), तास (‘यूर’), पाव तास, किलो, ग्रॅम, मीटर, लिटर, टक्के आणि ‘वेळा’ या अर्थाचा ‘केर’. म्हणून ‘व्हेइफ यार’, ‘द्री यूर’. मात्र मिनिटं, दिवस, आठवडे, महिने यांचं अनेकवचन होतं. यामागे नियम शोधत बसू नका, यादी पाठ करा.

किंमत सांगताना ‘त्वे युरो व्हेइफतख’, म्हणजे २,५० युरो. रोख पैसे देताना एकूण बिल जवळच्या पाच सेंटला आणतात. ही पद्धत इथे २००४ पासून आहे. कार्डाने दिले तर नेमकी रक्कम जाते. त्यामुळे रोख देताना दोन सेंट कमी-जास्त झाले तर हिशोब चुकलेला नसतो.

१७. बाजारात ‘ओन्स’ आणि ‘पोन्त’ म्हणतात ते किती?

ओन्स म्हणजे १०० ग्रॅम, पोन्त म्हणजे ५०० ग्रॅम. इंग्रजी औंस आणि पाउंडाशी त्यांचं वजन जुळत नाही. चीजच्या दुकानात ‘त्वे ओन्स’ म्हटलं की २०० ग्रॅम मिळेल. स्ट्रॉबेरी ‘अन पोन्त’, म्हणजे अर्धा किलो. पाव किलो हवं तर ‘अन हाल्फ पोन्त’.

१८. ‘आम्ही दोघं’, ‘आम्ही चौघं’ कसं म्हणायचं?

‘मेत झन त्वेयन’ दोघं, ‘मेत झन द्रीयन’ तिघं, ‘मेत झन व्हीरन’ चौघं. मराठी चौघांवर थांबते आणि मग पाच जण, सहा जण म्हणते. डच पुढेही चालू ठेवतो: ‘मेत झन व्हेइव्हन’, ‘मेत झन झेसन’. हॉटेलात शिरल्यावर ‘मेत झन हूव्हेलन?’ म्हणजे किती जण आहात, असं विचारतात. तेव्हा नुसतं ‘व्हीर’ म्हटलं तरी कळतं, पण ‘मेत झन व्हीरन’ ऐकून समोरचा इंग्रजीवर न जाता डचमध्येच बोलत राहतो. निदान शक्यता वाढते.

१९. पहिला, दुसरा, तिसरा? आणि तारीख सांगताना ते लागतात का?

एरस्ते, त्वेदे, देर्दे, व्हीर्दे, व्हेइफ्दे, झेस्दे, झेव्हन्दे, आख्तस्ते, नेखन्दे, तीन्दे. एकोणीसपर्यंत ‘दे’, विसाव्यापासून ‘स्ते’. पहिला आणि आठवा हे दोनच आधीच्या टप्प्यात ‘स्ते’ घेतात.

महिन्याबरोबर तारीख सांगताना साधा आकडा वापरतात, मराठीसारखाच. राजाचा दिवस ‘झेव्हन-अन्-त्विंतख आप्रिल’, मुक्तिदिन ‘व्हेइफ मेइ’. महिना न सांगता नुसतं ‘पाच तारखेला’ म्हणायचं असेल तर ‘दे व्हेइफ्दे’.

ऑफिसात तारखेऐवजी आठवड्याचा क्रमांक सांगायची मोठी सवय आहे. ‘वेक द्री-अन्-त्विंतख’मध्ये सुट्टी आहे, असं सहज सांगतात. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आठवड्यांचे क्रमांक दिसतील असं आधी करून घ्या.

मजले आपल्यासारखेच. तळमजला ‘बखाने ख्रोन्त’, त्यावरचा पहिला. आम्स्टरडॅममध्ये ‘द्री होख’ ऐकलं तर तिसरा मजला समजा.

२०. मुलगी डच शाळेत जाते. पाढे मराठीत शिकवू की डचमध्ये?

दोन्हीत, पण एक फरक तिला नीट दाखवून द्या. आपण ‘सात त्रिक एकवीस’ म्हणतो, म्हणजे सात आधी. डच मुलं सातच्या पाढ्यात ‘द्री केर झेव्हन इस एन-अन्-त्विंतख’ म्हणतात, म्हणजे किती वेळा ते आधी. उत्तर एकच, पण शाळेच्या वहीत ३ × ७ अशीच मांडणी असते. घरी मराठी लयीत म्हणवून घ्या आणि गृहपाठाला शाळेची मांडणी ठेवा. बेरजेला ‘प्लुस’, वजाबाकीला ‘मिन’, भागाकाराला ‘खदेल्त दोर’.

गुणांबद्दलही लगेच सांगतो, कारण पुढचा प्रश्न बहुतेक तोच असतो. गुण १ ते १० मध्ये देतात, साडेपाच किंवा त्याहून जास्त असले की पास. आठ म्हणजे फार चांगले आणि दहा क्वचित. आठ पाहून ‘दोन कुठे गेले’ असं मुलीला विचारू नका. जेमतेम पास होणाऱ्या सहाला लाडाने ‘झेशे’ म्हणतात.

२१. नागरिक क्रमांक सांगताना एक आकडा चुकला आणि संगणकाला लगेच कळलं. कसं?

त्या नऊ आकड्यांत एक हिशोब दडलेला असतो. त्याला ‘एल्फप्रूफ’ म्हणतात, म्हणजे अकराची कसोटी. डावीकडून आकड्यांना अनुक्रमे ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि शेवटच्याला उणे एकने. सगळ्यांच्या बेरजेला अकराने पूर्ण भाग गेला पाहिजे.

चाचणीसाठी सर्रास वापरला जाणारा १११२२२३३३ घेऊ. ९ + ८ + ७ + १२ + १० + ८ + ९ + ६ – ३ = ६६, म्हणजे सहा वेळा अकरा. आता तिसरा आणि चौथा आकडा उलटा लिहिला, ११२१२२३३३, तर बेरीज ६७ येते आणि क्रमांक फेटाळला जातो. प्रश्न ६ मधली उलटापालट ज्या देशात कोणाचीही होऊ शकते, तिथे ही कसोटी फार उपयोगी आहे.

२२. अक्षरात लिहिताना जोडून की सोडून?

हजारापर्यंतचे सगळे आकडे जोडून, कितीही लांब झाले तरी. ‘दाउझंत’नंतर जागा सोडायची. मिल्यून आणि मिल्यार्त दोन्ही बाजूंनी वेगळे. दोन आणि तीननंतर ‘अन्’ जोडताना त्याच्या पहिल्या अक्षरावर दोन टिंबं द्यायची (२२, २३, ३२, ३३ वगैरे), नाहीतर एकापुढे एक आलेले स्वर चुकीचे वाचले जातात. चार ते नऊला ती लागत नाहीत.

२३. सराव कसा करू? क्लासला वेळ नाही.

सायकलवर. देशभर सायकलवाटांच्या चौकांना क्रमांक दिलेले आहेत, त्यांना ‘क्नोपपुंत’ म्हणतात (सुरुवातीचा क उच्चारायचा). सुट्टीच्या दिवशी पाच-सहा क्रमांकांचा रस्ता ठरवा आणि प्रत्येक पाटी दिसली की मोठ्याने म्हणा. आकडे बहुतेक दोन अंकी असतात, म्हणजे नेमका अवघड भाग घोटला जातो. औषधाच्या दुकानात नंबराची चिठ्ठी घेऊन बसलात की पुकारलेला नंबर आधी ऐका, मग फलकाकडे बघा. फलक आधी बघितला तर कानाला काम उरत नाही.

२४. कधी कधी आकडा खरा नसतो असं वाटतं. ‘व्हेरतीन दाखन’ म्हणाले आणि त्यांना दोन आठवडे म्हणायचं होतं.

बरोबर ओळखलंत. दोन आठवड्यांना आपण ‘पंधरा दिवस’ म्हणतो, ते ‘व्हेरतीन दाखन’, चौदा दिवस म्हणतात. ‘आख्त दाखन’ म्हणजे आठ दिवस, अर्थात एक आठवडा. तो आपल्या ‘आठ दिवसांनी या’सारखाच. नुसता ‘तिख’ ऐकलात, म्हणजे वीस-तीसमधला शेवटचा तुकडाच सुटा वापरला, तर त्याचा अर्थ खंडीभर: ‘तिख केर’ सांगितलं, म्हणजे शंभरदा सांगितलं. ‘ओप झन एल्फ-अन्-देर्तखस्त’ काम चाललंय, म्हणजे ३१ शी काही संबंध नाही (आणि शब्दात तर एकाच्या जागी अकरा आहे), फार रेंगाळत चाललंय. ‘त्वाल्फ आम्बाख्तन, देर्तीन ओन्खेलुकन’, बारा धंदे आणि तेरा अपघात, हे आपल्या ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ला वापरतात. आणि कोणी ‘आब्राहाम पाहिला’ म्हणालं, तर त्या गृहस्थांना पन्नास पूर्ण झाली. बाईंच्या बाबतीत ‘सारा पाहिली’. (आब्राहाम हा बायबलमधला वयोवृद्ध पुरुष, सारा त्याची बायको.) अशा वाढदिवसाला घरापुढे आब्राहाम किंवा साराचा मोठा पुतळा उभा केलेला दिसतो, तेव्हा वय विचारायची गरज पडत नाही.